चंद्राबाईंनी भुताची लाइन धरून ठेवली

…तर चंद्राबाईंनी हेडफोन कानाला लावला, इथवर काल आलो होतो. पदर खोचला, चष्मा पुसला आणि नात शिवांजलीच्या लॅपटॉपपुढं अशा ताठ बसल्या, जणू वडूजच्या टेलिफोन एक्स्चेंजातली त्यांची सकाळपाळी पुन्हा सुरू झाली.

पैजेचं परत सांगतो, नव्यानं आलेल्यांची पंचाईत नको. गेल्या महिन्यात त्यांचा मोबाइल कुठलंसं बटण दाबलं जाऊन मुका झाला. दोन दिवस फोन उचलेनात, म्हणून लेक धैर्यशील शिरवळच्या कारखान्यातली पाळी टाकून धावत आला. बघतो तर आई अंगणात मटकी निवडतेय! एरवी हाच लेक रोज फोन करणार, "जेवलीस का? बरं, ठेवतो," की संपलं. पण आता हटूनच बसला, "हितं एकटी ऱ्हायाचं न्हाई. यंत्रं तुझ्या हातची न्हाईत, आये." वर हसून म्हणाला, "शिवांजलीच्या त्या जपानी गेममधलं भूत हरवून दाखव, मग ऱ्हा खुशाल."

तो हसला, आईनं मात्र शब्द धरला.

गेममध्ये एक ओसाड टेलिफोन इमारत. टीव्ही आपोआप लागतात, पडद्यातनं केस सोडलेली बाई उतरते, फोन खणाणतात. शिवांजली कॉलेजात हुशार, पण फोनवरचं त्या बाईचं रडणं ऐकलं की घाबरून फोन ठेवून द्यायची. ठेवला रे ठेवला, की मागनं मानेवर हात. खेळ खलास. नऊ वेळा!

चंद्राबाई आधी दोनदा मेल्या, बटणंच सापडेनात. तिसऱ्यांदा सापडली. फोन उचलला. रडणं सुरू. पाठीमागं पावलं वाजली.

"आज्जे, ठेव! आली बघ ती!"

"गप गं. पार्टी लाइनीवर हाय."

अठ्ठावीस वर्षं त्यांनी परगावचे ट्रंक कॉल जोडले होते; फोनवरचं माणूस म्हणजे त्यांची 'पार्टी'. सरहद्दीवरनं कुण्या जवानाचा फोन यायचा आणि इकडं त्याच्या बायकोला हुंदक्यापुढं शब्द फुटायचा नाही. कॉलची ठरलेली तीन मिनिटं संपली की एक्स्चेंजातले साहेब डोळे वटारायचे. पण रडणाऱ्याची लाइन चंद्राबाईंनी कधी तोडली नाही.

पडद्यावर हात खांद्यापर्यंत आला. शिवांजलीनं उशीत तोंड खुपसलं. पैज बघायला बसलेला धैर्यशीलसुद्धा खुर्चीतनं उठला. म्हातारीचं बोट फोन धरून ठेवायच्या बटणावरनं हललं नाही.

मग रडणं थांबलं. भुतानं एक नंबर सांगितला. नातीनं एका डोळ्यानं तो पडद्याखालच्या इंग्रजी ओळीत वाचला, आजीनं पडद्यावरच्या बोर्डात त्या नंबराची वायर खोचली. पलीकडून एका लहान मुलीनं "हॅलो, आई?" म्हटलं, भूत खुदकन हसलं, आणि इमारतीतले सगळे टीव्ही एकदम विझले. जिंकल्या!

"आये," धैर्यशील घाम पुसत म्हणाला, "भ्या न्हाई वाटलं व्हय?"

चंद्राबाईंनी हेडफोन काढून नीट गुंडाळला.

"भ्या कशाचं रं? तिचं कुनी ऐकूनच घेतलं न्हवतं. आता मी हितंच ऱ्हानार. तू रोज फोन कर, मी उचलते. फकस्त माजं बोलून झाल्याबिगर ठेवायचा न्हाई."