उन्हात ठेवलेले सेल

आमच्या खो-खोच्या सरांचा हात आखडता होता. टेपरेकॉर्डरचे सेल संपले की ते दुपारभर उन्हात ठेवायचे आणि संध्याकाळी परत घालायचे. तेव्हा घरोघरी हेच चालायचं, त्यामुळे आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

नव्वदीची मधली वर्षं होती. साताऱ्यात एका शाळेत मुलींचं निवड शिबिर भरलं होतं आणि इस्लामपूरहून मी गेले होते. आबा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात नोकरीला. त्यांनी निघतानाच बजावलं होतं, "संघात आलीस तर खेळ औंदा. न्हाई आलीस तर कराडची मानसं बघायला येतील, तवा नाटकं करायची न्हाईत." कराडचा तो मुलगा मी पाहिलासुद्धा नव्हता. पण लग्न झालं की खो-खो संपला, एवढं मला स्वच्छ कळत होतं.

खेळावर माझी निवड झाल्यातच जमा होती. राहिला होता फक्त दम. तो मोजायला सर कुठल्याशा प्रशिक्षणाहून एक कॅसेट घेऊन आले होते. मैदानावर फक्कीच्या दोन रेघा मारायच्या. टेपमधून आवाज वाजायच्या आत समोरच्या रेघेला पाय लावायचा, पुढचा वाजायच्या आत परत यायचं. आवाज हळूहळू लवकर वाजायला लागतो. लागोपाठ दोनदा उशीर झाला की बाद. सरांनी एक पायरी ठरवली होती, तिथवर टिकेल तिची निवड पक्की. पायरी बदलली की टेपमधला साहेब इंग्रजीत आकडा सांगायचा. त्याचा आवाज जड, घोगरा, नुकतं झोपेतून उठवल्यासारखा. इंग्रज लोक असेच बोलत असतील, असं आम्ही धरून चाललो.

मी सरांच्या पायरीच्याही पुढे गेले. बऱ्याच जणी गेल्या. सर हरखून गेले. यंदाच्या पोरी फार दमदार, असं भेटेल त्याला सांगत सुटले. मी एसटीडी बूथवरून कारखान्यात फोन लावला आणि आबांना म्हणाले, "माझी निवड झाली." ते पलीकडून नुसतं "बरं" म्हणाले.

संध्याकाळी जेवणाआधी एकीने तोच टेप व्हरांड्यात आणून गाण्यांची कॅसेट लावली. तर गाणारी बाई बाप्यासारखी गायला लागली. आम्ही पोट धरून हसलो. तेवढ्यात सर ताट हातात घेऊन बाहेर आले आणि ऐकत उभे राहिले. त्यांचा चेहरा पडलेला पाहिला आणि माझंही हसू थांबलं. उन्हात ठेवलेल्या त्या सेलांवर गाणं सावकाश वाजतंय, म्हणजे सकाळचे आवाजही सावकाशच वाजले होते. सर ताटाकडे बघत म्हणाले, "उद्या सकाळी परत." त्या गाणाऱ्या बाईचा मला असा काही राग आला की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आबा हजर. आपला शब्द आता पाळावा लागणार, तर खात्री करून घ्यावी, म्हणून आले असणार. मैदानाच्या कडेला लिंबाखाली पिशवी धरून उभे राहिले. सरांनी बाजारातून नवे सेल आणले होते. साहेबाचा आवाज एकदम बारीक आणि चटपटीत निघाला, आणि आमची धांदल उडाली. पाय आदल्या दिवशीचे जड होतेच. मी जीव तोडून पळाले. ठरलेल्या पायरीच्या अगदी तोंडाशी येऊन एकदा उशीर झाला, मग लगेच दुसऱ्यांदा. सर हळू आवाजात म्हणाले, "बाद." मी तिथेच मातीत बसले. लिंबाकडे बघायची हिंमत होईना.

बाद झालेल्यांना त्याच दिवशी घरी जायचं होतं. आबा आणि मी इस्लामपूरच्या गाडीत बसलो. मी पळालेल्या कपड्यांतच होते, तोंडसुद्धा धड धुतलं नव्हतं. वाटेत कराडच्या स्टँडवर गाडी थांबली आणि आबा उठले.

"उतर," म्हणाले.

मला आत्ताच्या आत्ता, अशा अवतारात, दाखवायला नेणार! मी जागची हलेना.

"आवं आबा, असं नगा करू. कपडं तरी बदलू द्या."

"तुला कोन न्हेतंय? तू हितं बाकावर बस. मी त्यास्नी सांगून येतो, औंदा जमत न्हाई म्हनून. मागल्या गाडीनं जाऊ."

मी म्हणाले, "पर मी तर बाद झाले की."

"व्हय. बघितलं की मी." त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली. "तुला पळताना कवा बघितलंच न्हवतं. लय पळतीस गं तू."

मला आनंद झालाच, पण त्याच्या आधी राग आला. मी पाचवीपासून खेळत होते. मैदान त्यांच्या कारखान्याच्या वाटेवर होतं आणि ते रोज सायकलवरून तिथूनच जायचे. मी त्यांना तसं तोंडावर म्हणाले.

"चुकलंच माझं," आबा म्हणाले, आणि स्टँडबाहेर पडले.