मालकाला माझं नाव ठाऊक नव्हतं

आमच्याकडं जयंतीच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव येतं. ती त्याची सही. लासूर स्टेशनजवळच्या गावात मी शेतात निंदता निंदता गाणी रचायची, विहारात म्हणायची, आणि माझ्याही गाण्यांच्या शेवटी माझं नाव असायचं.

तिथंच एका कार्यक्रमात शहरातल्या, क्रांती चौकातल्या एका स्टुडिओच्या मालकानं मला ऐकलं. अल्बम करू म्हणाला. मी गळा फाटेस्तोवर गायले. अल्बम निघाला तो मी गुलमंडीतल्या एका दुकानात उभ्यानंच ऐकला. आवाज माझा होता, पण एकूण एक गाणं शेवटच्या कडव्याआधीच संपत होतं. कव्हरवर गीतकार म्हणून मालकाचं नाव. माझं कुठंच नाही.

मी तशीच स्टुडिओत गेले. "माझं शेवटचं कडवं कुठंय?"

तो खुर्चीतून हललासुद्धा नाही. "लई लांबत होतं, बाई. ऑपरेटरला म्हणलं, उडव. लोकांना गाणं पाहिजे, नाव घेऊन काय करता?"

"मंग तुमचं कशाला टाकलं?"

"कंपनी कुणाची हाय?"

जिना उतरताना मी रडले नाही. दात इतके आवळले होते की संध्याकाळपर्यंत जबडा दुखत होता.

अल्बम दणक्यात चालला. मिरवणुकीत डीजेवर तीच गाणी. मग मालक स्वतः गावी आला, दुसऱ्या अल्बमसाठी गाणी मागायला. मी चहा ठेवला, गोड बोलले. म्हणलं, देते की.

मला एक गोष्ट कळून चुकली होती. तो मला कायम 'बाई' म्हणायचा, इतरांशी बोलताना 'ती लासूरवाली'. माझं नाव त्यानं कधी विचारलंच नव्हतं, शेवटची कडवीही न ऐकताच उडवायला लावली होती. आणि माझं नाव म्हणजे रोजच्या बोलण्यातला शब्द, उजेडाच्या अर्थाचा, कुठल्याही गाण्यात बसणारा. या वेळी मी तो ध्रुपदात, परत परत येणाऱ्या ओळीत घातला. प्रत्येक गाण्याच्या. तो काढला तर गाणंच मोडावं, असा.

रेकॉर्डिंग संपल्यावर मालक म्हणाला, "या टायमाला शेवटी नाव नाय टाकलं?"

"नाय. तुमचंच खरं होतं."

खूश झाला तो. मीही झाले.

हा अल्बम पहिल्यापेक्षा जास्त गाजला, आणि शहरातल्या एका मंडळानं गीतकार म्हणून मालकाचा सत्कार ठेवला. मला गायला बोलावलं. मी गावातल्या बाया टेम्पोत भरून आणल्या आणि पुढच्या रांगेत बसवल्या. ध्रुपद म्हणलं आणि मधेच थांबले. पेटीवालाही थांबला.

"मालक," मी माईकवरच विचारलं, "हा शब्द तुम्ही सगळ्या गाण्यांत का घातला?"

तो शाल सावरत हसला. "अहो बाई, उजेड... म्हणजे समाजाला उजेड..."

"नाय. ते माझं नाव हाय."

बाया उठून माझ्या नावानं ओरडायला लागल्या. मागून माणसं हसली, मग सगळं मैदान हसलं. तो काहीतरी बोलत होता, पण माईक माझ्या हातात होता आणि मी तो दिला नाही. शेवटी तो मागच्या बाजूनं उतरून गेला.

पुढं त्याचा फोन आला. तिसरा अल्बम करू, तुमचं नाव मोठ्या अक्षरात टाकू. मी त्याला सगळं बोलू दिलं, आणि फोन ठेवला. त्यानंतर कुणी लिहिणारा त्याच्याकडं फिरकला नाही. स्टुडिओला कुलूप लागलं. तिसरा अल्बम मी दुसरीकडं केला, माझ्या नावानं. तो फारसा चालला नाही, हेही सांगते.

वैरानं वैर शमत नाही, असं विहारात सांगतात. मीही हात जोडून ऐकते. पण कुलपाची बातमी आली त्या दिवशी मी एक भाकर जास्त खाल्ली. तो अजून कधीतरी क्रांती चौकात दिसतो. मला बघून रस्ता बदलतो. मी मात्र हलत नाही. तो दिसेनासा होईपर्यंत बघत उभी राहते.