कागदात गेलेली वेल

कागदवाल्या बाई तीनदा विचारल्याशिवाय कुणाचंही बोलणं वहीत उतरवत नसत. "तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही स्वतः दिलंय का? कुणाला दिलं?" पाला असो, साल असो की मुळी, हे तीन प्रश्न ठरलेले. आमच्या पाड्यावरची म्हातारी माणसं वैतागायची. "ही बाय आधी पोलिसात होती का गं?" असं माझी आते मला विचारायची. बाई पालघरच्या एका कॉलेजात शिकवायच्या आणि बोईसरला राहायच्या. सुट्टी मिळाली की सफाळ्याहून टमटमने आमच्याकडे यायच्या.

पाठीवर रद्दी पेपरांचा गठ्ठा असायचा. फांदी पेपरात पसरायची, वर दुसरा पेपर, मग दोन फळ्यांमध्ये सगळं दोरीने आवळायचं. ओले झालेले पेपर रोज बदलायचे. म्हणून त्यांना कागदवाल्या बाई नाव पडलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे फांदीला बांधायच्या चिठ्ठीवर आकडा लिहायचं काम मला मिळालं. मला चारचौघांत बोलता येत नाही. बाईंना त्याची अडचण वाटली नाही. पेपर बदलताना त्याच बोलत.

"आपल्या देशात औषधी झाडांवर ढीगभर छापतात," त्या म्हणायच्या, "पण जंगलात जातो कोण? एक जण लिहितो, दहा जण त्याचं बघून उतरवतात. किती द्यायचं, कसं द्यायचं, ते नाही. सांगणाऱ्या माणसाचं तर नावच नाही." त्यांच्याकडे शिकायला आता मुलं येत नव्हती. त्यांना कंपनीतली लॅब बरी वाटायची. "आणि इकडे तुमची म्हातारी माणसं चाललीत," असं म्हणून त्या दोरी आणखी आवळायच्या.

आते सुईण होती. अंगावर दूध नसलेल्या बाळंतिणीला ती एका वेलीचा कंद द्यायची. ती वेल खणायची त्या दिवशी घरी परत येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, नाहीतर कंदाचा गुण जातो, अशी आमच्यात रीत आहे. बाईंनी ती मान्य केली, म्हणून आते त्यांना आणि मला घेऊन गेली.

आषाढ होता. करवंदीच्या जाळीत दोन वेली एकमेकींत गुंतल्या होत्या. पानं वरवर सारखी, फूल एकीलाही नाही. एक आतेची होती. दुसरीचा कंद विषारी. तो उकरून खाल्ल्यावर आमची म्हैस मेली होती. आतेने पायाच्या अंगठ्याने दाखवलं आणि आपला कंद खणून ती पुढे गेली. बाईंचा हात दुसरीवर पडला. त्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. बोलले तर आतेच्या कंदाचा गुण जाणार. मी मान खाली घातली, त्यांना तो होकार वाटला आणि त्यांनी तीच कापून घेतली.

घरी आल्यावर त्यांनी आतेला तिन्ही प्रश्न विचारले. आतेने उत्तरं दिली ती तिच्या वेलीची, आणि ती सगळी खरी होती. पेपरात बांधलेली वेल आतेने उघडून पाहिली नाही. मी आतेला चुलीपाशी हळूच सांगितलं. ती हसली. "पेपरात सुकवणार ना ती? खाणार थोडीच हाय! नको बोलू, बाय खूश झालीय."

त्याच थंडीत आते गेली.

पुढे बाईंचं पुस्तक आलं. एक प्रत माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "बघ, सांगणाऱ्यांची नावं छापलीत." मी बोट ठेवून वाचलं. चित्र विषारी वेलीचं होतं. खाली बाळंतिणीला कंद किती उगाळून द्यायचा ते, आणि त्याच्याखाली आतेचं नाव आणि माझं. त्या दोन वेलींची नावं मी या माझ्या वहीतही लिहीत नाही. मला लिहिण्याचीच भीती बसली आहे.

पुस्तक मी तांदळाच्या कणगीत लपवलं. गावात कुणी बाळंत झालं की मी त्या घरापुढून चकरा मारायचे. पावसाळा संपल्यावर मी एकटी बोईसरला गेले आणि बाईंच्या दारातच सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी आपली प्रत काढून ते पान उघडलं.

"फूल नसताना मी घ्यायलाच नको होती," त्या म्हणाल्या. मग एकदम, "कुणी कुणी उतरवलं असेल गं?"

त्यांनी पत्रं लिहिली, फोन केले. घरात उरलेल्या प्रतींवर आम्ही दोघींनी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. गेलेल्या प्रती मात्र गेल्या होत्या. त्यानंतर बाई पाड्यावर आल्या नाहीत. नोकरी संपल्यावर त्या बहिणीकडे नागपूरला गेल्या. पावसाळ्यात फोन करायच्या आणि एकच विचारायच्या, "काही कानावर आलं का?"

गेल्या पावसाळ्यात मी सफाळ्याच्या बाजारात शेवळांची रानभाजी विकत बसले होते. पालघरजवळच्या माहीमची एक बाई समोर वाकली. सुनेला दूध येत नव्हतं. तिने मोबाइल पुढे केला. "ही वेल तुमच्या डोंगरातली ना? यात लिवलंय. मला गावली, पण हीच का ते बघा." चित्र तेच, शब्दही तेच. आमची नावं तेवढी गाळलेली. तिच्या पिशवीत कंद होता.

"दिला का?" मी ओरडले. आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या.

"नाय अजून. उद्या देणार."

मी पिशवी ओढून घेतली. "हा विषारी हाय. हे चुकीचं लिवलंय. लिवलं तवा मी तिथं होते."

"अगो बाय! मोबाइलमध्ये खोटं कसं असंल?"

"मीच गप बसले, म्हणून खोटं हाय."

तिच्याच फोनवरून मी बाईंना नागपूरला फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी आधी सुनेचं विचारलं.

"सून बरी आहे?"

"बरी हाय. दिला नव्हता."

"ही आपल्याला सापडली," त्या म्हणाल्या. "बाकीच्या कुठे असतील गं?"

होळीच्या आधी बाई वारल्या. आता मी बाजारात बसते तेव्हा पोटुशी बाई दिसली की हाक मारून जवळ बोलावते आणि विचारते, मोबाइलमध्ये बघून कुठली मुळी घेणार आहेस का?