उशिरा आलेलं ‘व्हय म्हाराजा’

“मेल्या, तोंडात भात धरून बसलंस काय? व्हय म्हण, व्हय!”

काका फोनवर ओरडत होते. फोन माझ्या हातात होता, फोनमध्ये त्यांचा मुलगा, आणि मुलगा आयर्लंडात कानटोपी घालून बसलेला. इकडे हळर्णात सकाळ चांगलीच तापलेली. काजऱ्याच्या झाडाखाली गावच्या राखणदार देवाचा दगड, दगडापुढे नारळ, रोट, विडा आणि वाटीभर काजूचा सोरा, म्हणजे फेणी. त्या जागेत एका विशिष्ट धोंड्यावर चढलं तरच फोनला रेंज येते, म्हणून मी धोंड्यावर, हात वर करून, देवळातल्या दीपमाळेसारखा उभा.

गाऱ्हाणं चाललं होतं. म्हणजे चालत नव्हतं, तीच तर गोम होती.

आमच्याकडे गाऱ्हाणं, म्हणजे देवाला घालायचं साकडं, एकट्याने घालता येत नाही. घालणारा एक ओळ म्हणतो, जमलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, मग तो दुसरी ओळ उचलतो. काका उभ्या पंचक्रोशीत गाऱ्हाण्यासाठी नावाजलेले. हळर्णच्या किल्ल्याचा बुरूज तोफांनी पाडला असं इतिहासवाले सांगतात. आमच्या घरात तो काकांच्या एका गाऱ्हाण्याने पडला असं मानतात. त्या काळी झाडाखाली सगळा वाडा जमायचा, आणि सगळ्यांचा ‘व्हय’ उठला की पार लाटंबार्श्यात नांगराला जुंपलेले बैल उगाच मान डोलवायचे. मी लहानपणी त्या आवाजात उभा राहिलोय. छातीत धडधड आपली की शेजारच्याची, कळायचं नाही.

ती सगळी माणसं आता नाहीत असं नाही, पण झाडाखाली नाहीत. कोण म्हापशाला फ्लॅटात, कोण विमानतळावर ड्युटीला, कोण बोटीवर. मी स्वतः डिचोलीला. नारळ ठेवायचा दिवस ठरला की ग्रुपवर हात जोडलेली चित्रं मात्र धडाधड पडतात. इतकी, की त्या हातांनी आमच्या सगळ्या मळ्यांची लावणी अर्ध्या दिवसात उरकली असती.

या वेळचा नारळ नातवासाठी होता. आयर्लंडात जन्मलेला, अजून मान न धरलेला. आमच्यात मूल झालं की राखणदाराला सांगावं लागतं: बाबा, हे एक वाढलं, नजर ठेव. न सांगितलेलं मूल त्याला दिसत नाही. आयर्लंडापर्यंत त्याची नजर जाईल का, असं मी गाडीत विचारलं, तर काका म्हणाले, “तेका काय पासपोर्ट लागता?”

पण काका वर्षभर विसरायला लागलेत. चष्मा कपाळावर असतो आणि काकी चोर ठरते. दुपारचं जेवण दोनदा मागतात, दुसऱ्यांदा जास्त भुकेने. गाऱ्हाणं मात्र अख्खं येतं, मधे ‘व्हय म्हाराजा’ पडत राहिलं तर. जणू प्रत्येक पुढची ओळ त्यांनी समोरच्यांच्या घशात ठेवायला दिलेली. तिकडून हाक आली की इकडे ओळ सुटते.

मी ‘व्हय’ म्हणून बघितलं. बाजारात भाजीचे भाव विचारून विचारून माझा आवाज कोथिंबिरीच्या जुडीएवढा झालेला. “तू गप,” काका म्हणाले. “ज्याचां पोर, तेणां म्हणूक होयां.”

म्हणून फोन.

काकांनी पुन्हा सुरुवात केली. “बा राखणदारा, सात शिवांच्या धन्या, आज ह्यो नारळ तुझ्या पायांकडे ठेवलेलो असा, तो मानून घे रे म्हाराजा...”

फोन गप्प. मुलाचा चेहरा अर्ध्या जांभईत थिजलेला, मधोमध चक्र फिरतंय. काकांनी वाट पाहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ह्येचां डोक्यां फिरलां की फोनाचां?”

नेमकं तेव्हा फोनमधून खणखणीत आलं: “व्हय म्हाराजा.”

“आमच्या घराण्यात आता गाढवां जल्माक येतत,” काका म्हणाले.

“व्हय म्हाराजा.”

मी धोंड्यावरून पडायचाच राहिलो. काका हसले नाहीत. ओळ हरवली होती.

पूर्वी ओळ हरवली तर माणसं सांभाळून घ्यायची. एकदा काका एका म्हातारीची शेळी सांगायला विसरले. कोणीच ‘व्हय’ म्हटलं नाही. सगळे आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत उभे. काकांचं तोंड उघडं. एक माशी आत गेली, फिरून बाहेर आली. मग त्यांना आठवलं, “आणि त्या म्हातारेची शेळी, तिकाय सांभाळ रे म्हाराजा,” आणि असा ‘व्हय’ उठला की शेळीच घाबरून दावं तोडून पळाली.

“बाबा, रवा, थांबा जरा,” फोनमधला मुलगा म्हणाला. “मी एकदाच म्हणून धाडतंय. दादा वाजयतलो.”

दादा म्हणजे मी. दोन मिनिटांत त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज फोनवर आला. मी दाबलं. “व्हय म्हाराजा.” पोटातून काढलेला, भरघोस; काकांच्या तरुणपणीचा आवाज जसाच्या तसा आयर्लंडातून परत आलेला. आणि शेवटाला, बटण सोडता सोडता, बाळाचं अर्धं रडणं त्यात अडकलं होतं. काकांचा चेहरा उजळला. “परत लाय,” म्हणाले.

मग गाऱ्हाणं सुटलं. काका ओळ म्हणत, मी बोट दाबी, मुलगा ‘व्हय’ म्हणे, बाळ अर्धं रडे. गावच्या शिवा झाल्या, गुरंढोरं झाली, बोटीवरचे झाले, परदेशातले झाले, वाकडं चिंतणाऱ्याला सरळ करून झालं. मी डोळे मिटले. दर ‘व्हय’ला मला सगळा वाडा ऐकू येत होता, एकेकाचा घसा वेगळा, बोट तेवढं चालू ठेवायचं. कुठे थांबावं असं मला वाटलंच नाही. काका घामाने निथळले, नारळ फुटला, सोरा दगडावर ओतला. इतक्या वर्षांत त्यांना असं ताठ चालताना मी पाहिलं नव्हतं.

घरी काकी सोप्यावर तांदूळ निवडत होती.

“सगळां म्हटलात?”

“सगळां. एक ओळ चुकाक नाय.”

“आणि नातवाचां? तेच्यासाठी काय मागलात?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फोनकडे. टोपी काढून खुंटीला लावली.

“तां मागूचां रवलां,” ते म्हणाले.