जावेनं विचारलेला माझा प्रश्न

माझ्या मोहफुलांच्या लाडवांची वेबसाइट आहे. मोबाइलवर जे नाव टाकलं की ती उघडते, त्याला मुलगी डोमेन म्हणते. तिनंच ते नोंदवलं. तेव्हा तिनं विचारलं होतं, "माय, मालक म्हणून कोनाचं नाव टाकू?"

"तुया बाबाचं टाक," मी म्हणाले. शेत, घर, विजेचं मीटर, सगळं त्यांच्याच नावावर. दुसरं काही सुचलंच नाही.

त्याच आठवड्यात धाकट्या जावेनं तिच्या बांबूच्या टोपल्यांसाठी डोमेन घेतलं आणि स्वतःचं नाव टाकलं. मी मनात हसले होते.

यंदा मुलीनं एक बातमी वाचून दाखवली. इंटरनेटवरच्या नावांचे नियम जिथं ठरतात, तिथं आजवर मोठ्या कंपन्या आणि सरकारंच बोलत. आता आमच्यासारख्या एकेकट्या डोमेनवाल्यांची संघटना झाली होती. तिथं मत देता येणार, आपल्या भाषेत बोलता येणार. पण ज्याच्या नावावर डोमेन, तोच सभासद. आमच्या घरातून सभासद झाले ते नवरोबा. त्यांना लाडू फक्त खाता येतो.

भाताच्या रोवणीच्या वेळी बांधीतल्या चिखलात वाकल्या वाकल्या मी जावेला म्हणाले होते, "पावसात चार-चार दिवस टावर बंद रायते. त्यातच नावाचे पैसे पुन्हा भराची तारीख गेली अन् दुसऱ्यानं ते उचललं, त आपलं ऐकनार कोन?" ती पुढचं रोप लावत राहिली होती.

संघटनेची बैठक दुपारी मोबाइलवर झाली. आम्ही सगळे जावेच्या ओसरीवर बसलो होतो. तिची पाळी आली आणि तिनं माझाच प्रश्न विचारला, टावरसकट. पलीकडची बाई इंग्रजीत काही बोलली. दुभाष्यानं सांगितलं, प्रश्न फार महत्त्वाचा आहे, ताईंच्या नावानं लिहून घेतो.

"बाई, बरी बोलली नं मी?" जावेनं मला विचारलं.

"हो," म्हणून मी चहाचे कप उचलून आत गेले. तोंड दिसायला नको होतं.

जळते मी तिच्यावर. दोघीही चौथीच शिकलो. तिला चारचौघांत बोलता येतं, माझी जीभ टाळूला चिकटते, हे खरं. पण तेवढ्यानं प्रश्न तिचा कसा होतो?

चार-पाच दिवस धुमसून मी नवऱ्याला म्हटलं, "अवो, ते डोमेन माया नावावर करून द्या."

"काऊन? मी काय पळवून नेऊन राह्यलो?"

"मले तिथी बोलाचं हाये."

मुलीनं मोबाइलवर नाव बदलायला घेतलं. त्यांनी फोनवर आलेला ओटीपी तिला वाचून दाखवला. डोमेन माझं झालं. मी सभासद झाले.

आता संघटनेची निवडणूक आहे आणि जाऊ उभी आहे. परवा येऊन म्हणाली, "बाई, तुमचं मत त मलेच, इचाराचं कामच नाई."

उमेदवाराला लेखी प्रश्न विचारता येतो. मी विचारला, दुसऱ्याचं म्हणणं मांडताना ते कोणाचं आहे, हे तुम्ही सांगणार का? खाली माझं नाव घातलं.

तिचं उत्तर अजून आलेलं नाही. मी मतही दिलेलं नाही.