मागे लागलेलं कुत्रं

सकाळी टेकडी चढताना आज एक काळं कुत्रं माझ्या मागे लागलं. मी थांबलो की तेही थांबायचं.

"तुम्हाला स्वर्गापर्यंत पोचवणार वाटतं!" मागून येणारी बायको हसली.

महाकाव्यातल्या राजाबरोबर शेवटपर्यंत चाललेल्या त्या कुत्र्याचं मला लहानपणापासून कौतुक. पण त्या वाटेवर राणी सगळ्यांच्या आधी कोसळते आणि राजा वळूनही बघत नाही, हे आज पहिल्यांदाच अंगावर आलं. मागे आता फक्त कुत्र्याची नखं खडकावर वाजत होती. मला वळायचा धीर होईना.

"अहो, थांबा ना, धाप लागलीय," खालून तिचा आवाज आला.

मी धावत खाली उतरलो आणि तिचा हात घट्ट धरला. कुत्रं मात्र माथ्याकडे तोंड करून माझ्यासाठी थांबून राहिलं.