दुसऱ्यांदा टाइप केलेली पत्रिका

हिंगणघाटला आमच्या घराच्या समोरच्या खोलीत मी लग्नपत्रिका तयार करून देते. मजकूर टाइप करायचा, गणपती बसवायचा, नक्षी लावायची आणि फाइल छापखान्यात पाठवायची. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला, तो दिवसभर बाहेर. खोलीत मी आणि माझा जुना लॅपटॉप. त्याची बॅटरी कधीचीच गेली होती, चार्जर लावलेला असला तरच तो चालायचा.

तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची घाई सुरू होते. नेमका त्याच सुमारास लॅपटॉप इतका मंदावला, की टाइप केलेला शब्द पडद्यावर उमटेपर्यंत मी गॅसवरचं दूध बघून यायची. शेवटी एका सकाळी सिस्टिम नव्यानं टाकायला घेतली. आधी एकदा केलं होतं, त्यामुळे भीती नव्हती. पेनड्राइव्ह लावला, जुनी सिस्टिम पुसली, नवी चढायला लागली. अर्ध्यावर आलं आणि लाईन गेली.

लाईन आल्यावर बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ. सुरू करण्याजोगं काहीच सापडत नाही, एवढाच तिचा अर्थ. पेनड्राइव्ह पुन्हा लावला. या वेळी निळा पडदा आला, माझ्या जिवात जीव आला, पण थोडं पुढं जाऊन एक फाइल वाचता येत नाही म्हणून तो थांबला. दुसऱ्या खाचेत लावून पाहिलं. तेच. आता पेनड्राइव्हमधली प्रत खराब आहे की लॅपटॉपची डिस्कच गेली, हे कळायला माझ्याकडे मार्ग नव्हता. डिस्क गेली असेल तर सगळ्यांच्या पत्रिका गेल्या.

तेवढ्यात दारात स्कूटी थांबली. जवळच्या जाम गावची एक नवरी मुलगी आणि तिची आई. त्यांची पत्रिका माझ्याकडे होती. मुलीच्या काकांनी फोनवरच बघून "चालते" म्हणून सांगितलं होतं, छपाईला द्यायच्या आधी या दोघी एकदा बघायला आल्या होत्या.

"ताई, दाखवता का पत्रिका?" मुलगी म्हणाली.

"दाखवली असती, पण हा उठूनच नाही राह्यला," मी म्हटलं आणि झालेलं सांगितलं.

मुलगी नागपूरला एका कंपनीत होती, लग्नामुळे सध्या घरूनच काम करत होती. पाठीवरच्या बॅगेत तिचा लॅपटॉप होता. "आमच्या हापिसात बिघडला तं दुसरा देतात. दुरुस्त कसा करतात मी कधी पायलं नाई," ती म्हणाली. "पण माहा वापरा तुमी."

मी तिच्या लॅपटॉपवर सिस्टिमची नवी प्रत उतरवायला लावली. मोबाइलच्या नेटवर ती मुंगीच्या पावलानं येत होती. नुसतं बसून राहण्यापेक्षा तिच्याच लॅपटॉपवर पत्रिका पुन्हा टाइप करू, असं ठरलं. काकांना पाठवलेला फोटो मुलीच्या फोनमध्ये होता. ती मोठ्यानं वाचायला लागली आणि मी टाइप करायला. आई खुर्चीवर पदर सावरून ऐकत बसल्या.

"स्वर्गीय अमुक यांची कन्या," इथपर्यंत आल्यावर मुलगी थांबली. तिनं फोटो खालपर्यंत सरकवला, पुन्हा वर आणला.

"ताई, यात आईचं नाव कुठी हाय?"

नव्हतं. वडील नसले की त्यांच्या नावापुढे स्वर्गीय आणि खाली निमंत्रक म्हणून काका. अशा कितीतरी पत्रिका मी केल्या होत्या.

"असंच असते वं," आई म्हणाल्या. "कायले वाढवतं?"

"फोनवर पायलं तवा ध्यानात नाई आलं. मोठ्यानं वाचलं तवा आलं. बाबा गेल्यावर दुकान तू चालवलं, मले तू शिकवलं, अन् लोकाईले लग्नाले तू बोलावतच नाई."

"तुह्या बापाच्या आजारपणात भाऊजीच धावून आले. त्याइचं मन दुखवू नोको."

"मी त्याइचं नाव काढा नाई म्हणत. तुह्यं टाका म्हणून राह्यली."

आई दाराबाहेर बघत राहिल्या. मी त्यांचं नाव विचारलं. त्यांनी ते हळू आवाजात सांगितलं. मी वडिलांच्या ओळीत ते जोडलं, आणि निमंत्रकांमध्ये काकांच्या वर लिहिलं.

नवी प्रत उतरली होती. तरी ती लगेच चढवायला माझा हात होईना. डिस्कच्या दुसऱ्या भागात माझं काम होतं, ते आहे की नाही हे आधी बघायचं होतं. एक लहानशी सिस्टिम पेनड्राइव्हवरूनच चालते, लॅपटॉपवर चढवावी लागत नाही. तीही मुलीच्या लॅपटॉपवर उतरवून पेनड्राइव्हवर घेतली आणि माझा लॅपटॉप सुरू केला. बऱ्याच वेळानं पडदा उजळला, डिस्क उघडली आणि पत्रिकांचे सगळे फोल्डर जागेवर दिसले. मी खुर्चीला टेकून नुसती बसले. म्हणजे डिस्क शाबूत होती, खराब होती ती पेनड्राइव्हमधली जुनी प्रत. सगळं मुलीच्या लॅपटॉपवर काढून घेतलं. मग माझा लॅपटॉप उचलून शेजारच्या मेडिकलमध्ये नेला, तिथं इन्व्हर्टर होता. औषधांच्या काउंटरच्या कोपऱ्यात बसून नवी सिस्टिम चढवली. या वेळी ती कुठंच अडली नाही.

आता पत्रिका दोन झाल्या होत्या. काकांनी पसंत केलेली आणि आजची.

"भाऊजीले विचारल्याबिगर छापाची नाई," आई म्हणाल्या.

काका कापूस घेऊन हिंगणघाटच्या मार्केटलाच आले होते. फोन केल्यावर अर्ध्या तासात आले. अंगावर कापसाचं तूस, हातात टोपी. उभ्यानंच त्यांनी पडद्यावरची नवी पत्रिका वाचली.

"हे कोणं टाकलं?"

मुलगी बोलायला तोंड उघडणार, तोच आई उठून उभ्या राहिल्या.

"मी टाकाले लावलं, भाऊजी."

काकांनी पुन्हा वाचायला सुरुवात केली, अगदी वरच्या गणपतीपासून. मला वाटलं, आता ते जुनीच छापा म्हणतील. मी जुनी फाइल उघडून ठेवली होती.

"माह्या ध्यानातच नाई आलं, वहिनी," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बाई, मंग माह्या घरचीचंही टाकजो. नाई तं मले घरी आयकाव लागते."

मुलगी हसली. आई हसल्या नाहीत, त्या खाली बसल्या आणि त्यांनी पाणी मागितलं. काकांनी आपल्या बायकोचं नाव सांगितलं, मी घातलं, आणि त्याच संध्याकाळी फाइल छापखान्यात गेली.

आता वडील नसलेल्या घरची पत्रिका आली की मी आईचं नाव विचारते. काहीजण सांगतात. काहीजण म्हणतात, राहू द्या, आमच्यात तसं नसतं. मग मी पुन्हा विचारत नाही.